गुरुवारचं पिठलं

शेवटचं ताट परत आलं की मामा खिशातून दुसरा चष्मा काढायचे. पहिला चष्मा पेपर वाचायचा. हा पिंपाचा. त्याची एक काडी मोडलेली होती, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला असे. तो नाकावर चढवून, हातात सोललेली बांबूची काठी घेऊन ते उष्ट्याच्या पिंपात वाकायचे आणि बराच वेळ वर यायचेच नाहीत. नवीन माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी आत पडलं आहे.

"मामा, सोनं घावलं का?" कारखान्यातले कामगार जाता जाता विचारायचे.

"सोनं नाय रं, वांगं घावलं. अर्धं खाऊन टाकलंयस. तुझंच हाय का?"

साजगावला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी भाकऱ्या करते, तांदळाच्या. कॅन्टीन चालवायला एका ठेकेदाराकडे दिलेलं आहे, त्याला आम्ही शेठ म्हणतो. मामा शेठचे मॅनेजर. कॅन्टीनमधलं कुठलंही पातेलं काउंटरवर जायच्या आधी मामांनी चाखायचं आणि मान हलवायची, मगच ते जायचं. ते कोणाचे सख्खे मामा नव्हते, पण गेटवरच्या वॉचमनपासून कारखान्याच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. ते मूळचे चौकचे. तरुणपणी जुन्या हायवेवर एका ढाब्यावर आचारी होते. त्यांच्या पिठल्यासाठी ट्रकवाले लोणावळ्याला न जेवता घाट उतरून येत, असं ते सांगत. ट्रकवाले काय सांगत ते आम्हाला माहीत नव्हतं.

मी काम मागायला गेले तेव्हा मला तोंडातून शब्द काढता आला नव्हता. माझं पहिल्यापासून तसंच आहे. चार माणसं दिसली की माझी जीभ आत जाते. मामांनी विचारलं, "काय येतं?" मी खाली बघत राहिले. बाजूला काथवट होती, त्यात कोणीतरी तांदळाच्या पिठाची मळून ठेवलेली उकड होती. मी खाली बसले, गोळा घेतला आणि भाकरी थापली. ती तव्यावर फुगली.

"बोलली की ही," मामा म्हणाले. "उद्यापासून ये, बाय."

पिंपात बघायचं वेड त्यांना नंतर लागलं. कोरोनाच्या वेळी ते तापाने आडवे झाले. पुष्कळ दिवस दवाखान्यात होते. कॅन्टीन पुन्हा सुरू झालं तेव्हा अंगाने निम्मे होऊन परत आले, आणि पहिल्याच दिवशी पिंपावर वाकले. आमचा आचारी बबन मला हळूच म्हणाला, "ताप उतरला, पण डोक्यातनं नाय उतरला."

मग बैठक सुरू झाली. वाढप संपलं, भट्ट्या बंद झाल्या, की मोकळी पातेली पालथी घालून आम्ही पिंपाभोवती बसायचो. खुर्च्या होत्या, पण मामांना खुर्ची चालायची नाही. ते म्हणत, "खुर्चीत बसला की माणूस दुसऱ्याच्या चुका सांगतो. पातेल्यावर बसला की सोताच्या आठवतात. बूड दुखतं ना." कापडी टोपी ते स्वयंपाक करताना कधी घालायचे नाहीत. बैठकीला मात्र घालायचे. पालथ्या पातेल्यांतलं सगळ्यात मोठं ते मला द्यायचे. त्यावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत आणि मी सगळ्यांना आणखीच दिसायची.

बैठकीचे नियम दोनच होते. आपण आज काय काम केलं आणि ते कुठे फसलं, ते ज्याने त्याने स्वतःचं सांगायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्या दिवशी पिंप त्याने घासायचं.

पहिला महिनाभर पिंप आमच्या सुगंधानेच घासलं. सुगंधा भाज्या चिरायची आणि चटण्या करायची. तोंडाने फटकळ. तिला बबनचं नाव घेतल्याशिवाय एक वाक्य पुरं करता येत नसे. "बबननं रस्सा..." एवढं म्हटलं की मामा काठीने पिंप वाजवायचे. मग ती शहाणी झाली. एक दिवस म्हणाली, "माझं आज असं चुकलं, मामा, की मी अशा एका माणसाच्या शेजारी हुबी ऱ्हाते जो डोळं मिटून हळद टाकतो."

मामांनी विचार केला. "नाव घेतलं नाय तिनं."

"आवो, तिच्या शेजारी मीच हुबा असतो!" बबन ओरडला.

"आता तू नाव घेतलंस. सोताचं. चालंल. पण हळदीचं सांग मग."

आणि बबनला सांगावं लागलं. तो सांगू लागला तेव्हा कळलं की वाफ डोळ्यांत जाते म्हणून तो खरंच डोळे मिटून हळद टाकायचा. इतकी वर्षं. त्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो आधी हळद वाटीत काढून घेऊ लागला, आणि रश्श्याचा रंग रोज एकसारखा यायला लागला. सुगंधाला वाटलं आपण जिंकलो. मामांनी तिला विचारलं, "तू शेजारी हुबी असतेस, मग तुला हे आधी दिसलं कसं नाय?" ती म्हणाली, "दिसलं व्हतं की. मजा येत व्हती."

मामा कोणाला उत्तर द्यायचे नाहीत. एखादा म्हणायचा, "भात आज गिचका झाला." मामा म्हणायचे, "मग?" तो म्हणायचा, "पाणी जास्त झालं." "मग?" "तांदूळ नवा व्हता." "मग?" असं "मग, मग" करत माणूस त्याचं त्यालाच सापडेपर्यंत ते थांबायचे. कधी म्हणायचे, "डोळं मिट आणि सकाळी तुझा हात काय करत व्हता ते बघ." सुगंधाने डोळे मिटले आणि म्हणाली, "माझा हात मोबाइल धरत व्हता." सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोंचा हात?" कारण त्याच दिवशी कोशिंबिरीत काकडीचे एवढाले तुकडे पडले होते.

स्वतःचं ते सगळ्यात आधी सांगायचे. पण त्यांच्या चुका अशा असत की ऐकणाऱ्याला काय बोलावं कळू नये. "आज गॅसची टाकी लावताना मी तिला शिवी दिली." "आज कांद्याच्या गोणीवर बसलो, खालचे कांदे दबले, मला वाईट वाटलं." आम्ही माना हलवायचो.

माझी पाळी आली की ते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवून नाही म्हणायची. "बरं," म्हणायचे, आणि पुढच्याकडे वळायचे. कधी रागावले नाहीत. सुगंधा मात्र टोमणा मारायची, "हिचं काय चुकतच नाय. देवी हाय ती. मोठ्या पातेल्यावरची."

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना ताटं देऊन कामगारांच्या रांगेत उभं केलं. डावा हात पाठीमागे धरायला सांगितला. का, तर कामगार डाव्या हातात मोबाइल धरून जेवतात हे त्यांनी बघितलं होतं. मी जेवायला बसले आणि मीच केलेली भाकरी मला एका हाताने मोडेना. बोटांनी ओढावी तर ताटच सरकायचं. माझ्यासमोर एक फिटर बसला होता, तो म्हणाला, "वहिनी, असं करायचं." त्याने भाकरी ताटाला अंगठ्याने दाबून धरली आणि ताटावर वाकून दातांनी तोडली. मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी उकड जास्त वेळ मळायला लागले आणि भाकरी पातळ थापायला लागले. कोणी मला ते करायला सांगितलं नव्हतं.

आता पिठल्याचं सांगते.

गुरुवारी बबनची सुट्टी. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पिठलं-भाकरी आणि ठेचा. पिठलं मामा स्वतः करायचे. सकाळपासून त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा असायचा. कोणाला भट्टीजवळ येऊ द्यायचे नाहीत. पीठ स्वतः कालवायचे, फोडणी स्वतः द्यायचे, ढवळताना जुन्या हायवेच्या गोष्टी सांगायचे. गुठळी एक होऊ द्यायचे नाहीत. दिसायला ते पिठलं असं सुंदर असायचं, पिवळंधमक, वर कोथिंबीर, की बघून भूक लागावी.

आणि ते तोंडात घातलं की भूक जायची.

एका गुरुवारी त्यात मीठच नसायचं. दुसऱ्या गुरुवारी समुद्र. एकदा इतकं तिखट झालं की वेल्डिंगचे लोक पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. हे सगळं ताप येऊन गेल्यावरचं. त्याआधी त्यांच्या हाताला चव होती. आता गुरुवारी पिंप पिठल्याने भरून यायचं. वर कोथिंबीर तशीच.

मामा पिंपाचा चष्मा लावून बघायचे. त्यांचा चेहरा पडायचा. मग आम्हाला विचारायचे, "काय झालं बरं आज?"

आता दुसऱ्याच्या कामाचं बोलायचं नाही हा नियम त्यांचाच. पिंप घासायला कोणी घाबरत नव्हतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून बोलायला सगळे घाबरायचे. सुगंधासुद्धा. तिच्या नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं होतं तेव्हा मामांनी तिला कॅन्टीनच्या कोठीत जागा दिली होती. ती पदराचं टोक चावत बसायची.

"कांदा जाड चिरला गेला वाटतं माझ्याकडनं," ती शेवटी म्हणायची.

"तेच म्हणतो," मामा म्हणायचे. त्यांना बरं वाटायचं. "आणि भाकरी कडक झाली का गं, बाय?"

मी मान हलवून हो म्हणायची.

पुढच्या गुरुवारी कांदा केसासारखा बारीक. पिठलं परत. "ठेच्यात लसूण कमी पडला आसंल." त्याच्या पुढच्या गुरुवारी ठेचा पाट्यावर वाटलेला, शेंगदाणे भाजून, वर तेलाची धार. पिठलं परत. "भाकरी गार झाली आसंल." मग मी भाकऱ्या कापडात गुंडाळून टोपलीत ठेवायला लागले, आणि शेवटच्या शिफ्टपर्यंत त्या मऊ राहायला लागल्या. असं करत करत आमचा ठेचा आणि भाकरी इतकी चांगली झाली की पलीकडच्या कारखान्यातले लोक गेटवरून पार्सल मागायला लागले. कामगार ताटात ठेचा घ्यायचे, तीन तीन भाकऱ्या घ्यायचे, आणि पिठल्याची वाटी तशीच आणून पिंपात ओतायचे. मामा वाढायचे म्हणून घ्यावी तर लागायची.

"मामा, गुरुवारची भाकरी लय भारी," कामगार सांगायचे.

"पिठल्याबरोबर खाल्ली की तशी लागते," मामा म्हणायचे.

मला खरं काय ते एका दुपारी कळलं. आमच्याकडे पाण्याचा मोठा तांब्याचा हंडा आहे. तो घासायला मी गरम पाण्यात चिंच कोळून, मूठभर मीठ घालून ग्लासात ठेवलं होतं. मामा गेटवरून उन्हातून आले. त्यांनी ग्लास उचलला, फुंकर मारली आणि घोट घेतला. माझ्या हातातून काथ्या खाली पडला. मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटला नाही. ते भिंतीला टेकून, घोट घोट करत, सगळा ग्लास प्यायले.

"चहा फक्कड केलास, बाय," ते म्हणाले. "जरा दाताला लागतो. पण फक्कड."

आणि ग्लास धुवून जाग्यावर ठेवून गेले.

मी हंड्यासमोर बसून राहिले. मामांना चव लागत नव्हती. तापात गेली ती परत आलीच नव्हती. ते रोज पातेल्यात बोट बुडवून मान हलवायचे ते उगाच. बबनचा रस्सा चांगला आहे हे ते पिंपात बघून ठरवायचे, उद्याच्यासाठी. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. जिभेचं काम त्यांनी डोळ्यांवर टाकलं होतं, आणि त्यासाठी वेगळा चष्मा ठेवला होता.

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? शेठच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी मामा घरी. ज्याला चव कळत नाही तो जेवणाचा मॅनेजर कसला? घरी त्यांना कोणी नव्हतं. बायको जाऊन किती वर्षं झाली होती, मुलगी लांब दिली होती. माणूस पहाटे यायचा आणि आम्ही निघेपर्यंत थांबायचा. त्याचं घर हेच होतं.

मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतंच.

मग एका गुरुवारी शेठ स्वतः आला. एरवी तो फोनवरच असायचा. वाढप संपलं होतं. त्याने पिंपात बघितलं. त्याला चष्मा लागला नाही.

"मामा, तक्रार गेलीय वरती," तो म्हणाला. "दर गुरुवारची. कामगारांनी सही करून दिलीय. पुढच्या गुरुवारी कंपनीचे साहेब सोता जेवायला येणार हायेत. तेच पिठलं, तेच ताट. नाय आवडलं तर कॅन्टीन बंद. मुंबईवरनं पॅकिंगचं जेवण येनार डब्यातनं. मग तुमी नाय, आमी नाय, या बायाबी नाय."

"भाकरीची तक्रार हाय का?" मामांनी विचारलं.

शेठने आमच्याकडे बघितलं. मग गाडीत बसून गेला.

आम्ही पातेली पालथी घातली. मामा टोपी घालून बसले, पण पिंपाचा चष्मा त्यांनी लावला नाही. मग सुगंधा म्हणाली, "माझा कांदा..."

"ऱ्हाऊ दे कांदा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "कांद्याचं नसंल."

त्यांनी एकेकाकडे बघितलं. कोणी सांगेल म्हणून बघत होते, असं मला वाटलं. आणि कोणी सांगू नये म्हणूनही. शेवटी माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीसारखं पुढे बघायला लागले.

"माझं चुकतं," मी म्हणाले.

सुगंधाने इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून.

मला मागे घ्यायचं होतं, पण मोठ्या पातेल्यावरून उतरून पळायलाही वेळ लागला असता. मी हातांकडे बघत बोलले. "गुरुवारी तुमी पिठलं करता. मी घासभर चाखते, रोज... दर गुरुवारी. मला कळतं मीठ नाय ते. जास्त झालं तेबी कळतं. आणि मी गप बसते. तुमी भाकरीचं इचारता, मी मान हलवते. भाकरीला काय झालेलं नसतं. मी बोलायला पायजे, मी बोलत नाय. हे माझं चुकतं."

एवढं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते.

"नाव घेतलं! नाव घेतलं!" सुगंधा उडी मारून ओरडली. तिला काय करावं सुचलं नाही म्हणून ती ओरडली. "मामांचं नाव घेतलं, पिंप हिनं घासायचं!"

"गप गं," मामा म्हणाले. "तिनं सोताचं सांगितलं. नियमात बसतं."

त्यांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली, तिच्या घडीवर बोट फिरवत राहिले.

"मग?" सुगंधा हळूच म्हणाली. मामांना "मग" म्हणणारं आतापर्यंत कोणी नव्हतं.

"मग काय," मामा म्हणाले. "आता माझं. मला चव नाय लागत. तापापासनं. मीठ म्हनू नका, साखर म्हनू नका, सगळं माती. मला वाटलं येईल आज नाय उद्या. डाक्टर म्हनला येईल. मी अंदाजानं टाकतो. हाताला जुनं आठवतं म्हनून हाताला इचारतो. हातबी आता इसरला वाटतं."

सुगंधा रडायला लागली. मग रडता रडता म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी माझा ठेचा चाखून 'वा' म्हनलात ते?"

"रंग चांगला व्हता," मामा म्हणाले.

"आणि मी तीन दिवस शेजारणीला सांगत व्हते!"

मामा हसले. मग आम्ही सगळे हसलो.

ते म्हणाले, पुढच्या गुरुवारी बबनची सुट्टी रद्द करू, पिठलं तो करील. सुगंधा म्हणाली, "त्याच्या पिठल्यात गुठळ्या असतात, साहेब एक एक वेचून पिंपात टाकतील." ही तक्रार नाव घेऊन होती, पण बबन तिथे नव्हता आणि पिंप घासायचं कोणाला आठवलं नाही. शेवटी ठरलं ते असं: हात मामांचा, जीभ माझी.

मामांनी दुसऱ्याच दिवशी शेठला फोन करून स्वतःहून सगळं सांगितलं. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं होतं. शेठ म्हणाला, साहेब जेवून जाऊ देत, मग तुमचं बघू. चव नसलेला मॅनेजर मी कुठं ठेवू? म्हणजे त्या एका ताटावर कॅन्टीनही होतं आणि मामाही होते.

गुरुवार आला. मामा भट्टीपाशी, मी तव्यापाशी. पीठ शिजायला लागलं की त्यांनी हाक मारायची आणि मी जाऊन चाखायचं. भट्टीचा आवाज, वर पंख्याची घरघर. मी चाखलं आणि सांगितलं.

"काय?" मामा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"काय मीठ?"

"कमी."

"काय कमी?"

"मीठ!"

"मिठाचं काय? ओरड की गं!"

"मीठ कमी हाय!" मी ओरडले.

पंखा, भट्टी, सगळ्यांच्या वर माझा आवाज गेला. काउंटरवर ताटं लावणारी माणसं वळली. आणि तिथे, रांगेत सगळ्यात पुढे, कंपनीचे साहेब हातात ताट घेऊन उभे होते. वेळेच्या आधी आले होते. मामांनी त्यांना नमस्कार केला आणि पिठल्यात मीठ टाकलं.

"आता?"

मी चाखलं. "अजून वाईच."

"आता?"

"तिखट बरोबर. आता झाकण ठेवा." हे मी मामांना सांगत होते. मला नंतर आठवून अंगावर काटा आला. पण तेव्हा सुचत होतं, आणि मी धावत होते. तव्यावरून पातेल्यावर, पातेल्यावरून तव्यावर. मधेच ठेच्याचा लसूण जळतोय का बघायला, मधेच पुन्हा मीठ.

साहेब जेवायला बसले. आम्ही दाराआडून बघत होतो. त्यांनी पिठलं खाल्लं. वाटी संपली. त्यांनी बोट फिरवून वाटी पुसली. सुगंधाने माझा दंड एवढा दाबला की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता. साहेब उठले, हात धुतले आणि निघून गेले. त्यांचं ताट मामांनी स्वतः आणलं.

वाटी घासल्यासारखी स्वच्छ होती. ताटात भाकरी पडली होती. एक तर जवळजवळ अख्खी, कडेने करपलेली, मधे कच्ची. दुसरीला एका बाजूने दात लागले होते, तिथेच सोडून दिलेली.

पिंपातही त्या दिवशी पिठलं नव्हतं. भाकऱ्या होत्या. सगळ्या माझ्या.

आम्ही पातेल्यांवर बसलो. बबन सुट्टी असून आला होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. सुगंधाने दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं. ती अशी लाल झाली होती की तिला कोणीतरी लवकर मोकळं करायला हवं होतं.

"माझी भाकरी फसली," मी म्हणाले.

"मग?" मामा म्हणाले.

मी सांगायला लागले. उकड मी वेळेवर काढली होती, पण पिठल्याकडे धावले तेव्हा ती उघडी राहिली आणि वरून सुकली. सुकलेल्या उकडीला कडा फुटतात. कडा फुटल्या की भाकरी फुगत नाही, आणि फुगली नाही की मी ती तव्यावर जास्त ठेवते, हे मला आत्ता सांगताना कळत होतं. ठेवली आणि पुन्हा पळाले. एका बाईने दोन ठिकाणी असायचं तर उकड कोणीतरी झाकायला हवी. सुगंधाचा कांदा चिरून झालेला असतो त्या वेळेला...

"घे! आता माझं नाव!" सुगंधा सुटली.

तेवढ्यात मामांच्या खिशात फोन वाजला. शेठ होता. मामांनी फोन कानाला लावला आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"हां शेठ... हां... ऱ्हायलं? कॅन्टीन ऱ्हायलं आपल्याकडं?" त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मी? ... हां. ऱ्हातो की. ऱ्हा म्हनता तर ऱ्हातो." त्यांनी डोळे पुसले, चष्म्याच्या खालून. पलीकडून शेठ अजून बोलतच होता. साहेबांचं भाकरीबद्दल काहीतरी म्हणणं होतं, एवढं आम्हालाही ऐकू आलं.

"भाकरीचं तुमी मधी बोलू नका शेठ," मामा म्हणाले. "जिची भाकरी हाय ती सांगतेय. तिचं होऊ द्या."

आणि फोन पालथा घालून ते माझ्याकडे वळले.